पाटीच्या दगडाची वाट : वेल्समधील छोट्या रेल्वे आणि आठवड्याची सहल
रुळांवरचा वारसा : भाग ५

एखाद्या लोहमार्गाची व्यापारी गरज संपल्यावरही तो त्याच्या मूळच्या इंजिनांसह, डब्यांसह आणि कामाच्या जुन्या रीतींसह चालता ठेवला जातो, तेव्हा त्याला ‘वारसा रेल्वे’ म्हणतात, हे या लेखमालेच्या पहिल्या भागात स्पष्ट केले आहे. अशा रेल्वेभोवती ग्रामीण भागातील सुट्टी आखायची असेल, तर सहलीचा नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. एरवी प्रवासी आधी ठिकाणे ठरवतो आणि मग तेथे नेणारी गाडी शोधतो. येथे मात्र गाडी कोणत्या दिवशी धावते, कोणत्या बाजूने चढते आणि ती मुळात कशासाठी बांधली गेली, हे आधी समजून घेऊन मुक्काम ठरवावे लागतात. या पद्धतीचा उत्तम वस्तुपाठ म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स हा डोंगराळ प्रदेश, कारण तेथील बहुतेक छोट्या रेल्वे एकमेकींच्या जवळ आहेत आणि मोठ्या रेल्वेच्या चालू मार्गांनी जोडलेल्या असल्याने मोटारीवाचूनही त्या पाहता येतात.

वायव्य वेल्सचे डोंगर पाटीच्या दगडाचे आहेत. ज्या दगडाची पाटी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या दप्तरात होती, त्याच जातीचा हा दगड पातळ थरांत फुटतो, पाणी शोषत नाही आणि म्हणून एकोणिसाव्या शतकात युरोपभर घरांच्या छपरांसाठी त्याला मोठी मागणी होती. खाणी उंचावर आणि बंदरे खाली समुद्रकाठी असल्याने या दोहोंना जोडण्यासाठी फेस्टिनिओग रेल्वे १८३२ च्या कायद्याने मंजूर होऊन १८३६ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर, ज्याला रेल्वेच्या भाषेत ‘गेज’ म्हणतात, दोन फुटांहूनही किंचित कमी म्हणजे सुमारे ५९७ मिलिमीटर आहे. (वेल्श लेखनात दोन ‘एफ’ जोडून आले तर ‘फ’ आणि एकटा ‘एफ’ आला तर ‘व’ असा उच्चार होतो, १८३२ च्या कायद्यात एकच ‘एफ’ लिहिला गेल्याने कंपनीच्या अधिकृत नावात ती चूक आजही टिकून आहे. स्थानकांच्या पाट्या वाचणाऱ्याला हा एवढा नियम ठाऊक असला तरी बराच आधार वाटतो.)

या मार्गाची खरी करामत त्याच्या उतारात आहे. ब्लायनाउ फेस्टिनिओग या खाणींच्या गावापासून पोर्थमॅडॉग बंदरापर्यंतचे सुमारे २२ किलोमीटर अंतर अशा हिशेबाने आखले गेले की दगडाने भरलेल्या वाघिणी कोणत्याही इंजिनाशिवाय, आपल्याच वजनाने, सलग खाली उतरत जाव्यात आणि वाघिणींवर स्वार झालेल्या ब्रेकवाल्यांनी केवळ त्यांचा वेग आवरावा. रिकाम्या वाघिणी वर ओढून नेण्याचे काम घोड्यांचे होते, आणि खाली येताना हेच घोडे गाडीला जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून, चारा खात, बंदरापर्यंत आरामात येत असत. १८६३ मध्ये वाफेची इंजिने आली, १८६५ पासून प्रवासी वाहतूक रीतसर सुरू झाली, तरी दगडाच्या गाड्या १९३९ पर्यंत उतारावर अशाच धावत राहिल्या. म्हणून या रेल्वेचा एकेरीच प्रवास शक्य असेल, तर तो पोर्थमॅडॉगहून वर जाणारा निवडावा, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. उतरताना इंजिनाला फारसे श्रम नसतात, चढताना मात्र वळणागणिक त्याचा श्वास ऐकू येतो.

ते इंजिनही न्याहाळण्याजोगे आहे. रॉबर्ट फेअर्ली यांच्या रचनेनुसार बनलेल्या ‘दुहेरी फेअर्ली’ इंजिनाला दोन्ही टोकांना धुरांडे असते, मध्ये चालकाची जागा असते आणि चाकांचे दोन स्वतंत्र संच दोन बाजूंना वळू शकत असल्याने लांब इंजिनही अरुंद वळणे घेते. भट्टी नेमकी मधोमध आल्यामुळे चालक तिच्या एका अंगाला आणि कोळसा टाकणारा फायरमन दुसऱ्या अंगाला उभा असतो. दोघांच्या मध्ये तापलेले लोखंड, आणि एकमेकांना सांगायचे ते त्यावरून ओरडून सांगायचे. १८६९ मध्ये आलेल्या ‘लिटल वंडर’ या अशा इंजिनाच्या चाचण्या पाहण्यासाठी १८७० मध्ये रशियासह अनेक देशांतील अभियंते येथे जमले होते, आणि अरुंद मार्गावरूनही जड वाहतूक होऊ शकते हा विश्वास तेथून दूरवर पसरला.

पाटीच्या दगडाचा धंदा बसल्यावर ही रेल्वे १९४६ मध्ये बंद पडली. तिचे पुनरुज्जीवन समजण्यासाठी दक्षिणेला समुद्रकाठच्या टविन गावाकडे वळावे लागते. तेथील टॅलिलिन रेल्वे १८६५ मध्ये ब्रिन एग्लुइस खाणीसाठी निघालेली. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून ती वगळली गेली होती आणि तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारल्यावर ती बंद होणार हे उघड होते. त्या वर्षी ऑक्टोबरात लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली, संस्था स्थापन झाली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालवली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. तिच्या पाठोपाठ १९५५ पासून फेस्टिनिओगही टप्प्याटप्प्याने उघडली. मधल्या काळात वीजनिर्मितीच्या जलाशयाखाली तिचा जुना मार्ग बुडाला होता. तेव्हा स्वयंसेवकांनी १९६५ ते १९७८ या काळात, बहुतांशी स्वतःच्या हातांनी, डोंगरात नवा वळणमार्ग खोदला. त्यात डुआल्ट येथे रूळ स्वतःभोवती फिरून स्वतःवरूनच पुढे जातात. ब्लायनाउपर्यंत गाडी पोचायला १९८२ साल उजाडले.

हा इतिहास सहलीच्या आखणीशी थेट जोडलेला आहे. गार्ड, तिकीटवाला, सिग्नल पाहणारा, रुळांखालचे लाकडी स्लीपर बदलणारा, यांतील बरेच जण आपापल्या नोकरीतून सुट्टी काढून आलेले किंवा निवृत्त झालेले असल्याने येथील वेळापत्रक हे माणसांच्या सवडीचे वेळापत्रक असते. साधारणपणे ईस्टरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत गाड्या धावतात, हिवाळ्यात नाताळासारखे मोजके दिवस सोडले तर मार्ग दुरुस्तीसाठी बंद राहतो, आणि हंगामातही आठवड्यातील काही वार मोकळे ठेवलेले असतात. वेळापत्रक बहुधा रंगांनी दर्शवलेले असते : दिनदर्शिकेत त्या तारखेचा रंग पाहायचा आणि मग त्या रंगाच्या तक्त्यात वेळा वाचायच्या. हे न जाणता केवळ स्थानकावर जाऊन उभे राहणाऱ्याची निराशा होण्याचा संभव मोठा. वाफेऐवजी डिझेल इंजिन कोणत्या फेरीला आहे हेही तेथेच कळते; कोरड्या उन्हाळ्यात ठिणगीने गवत पेटण्याचा धोका असेल तर ठरलेले वाफेचे इंजिनही आयत्या वेळी बदलले जाते, आणि त्यात गैर काही नाही.

आता मार्ग. लंडनहून उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरील लँडुडनो जंक्शनला यावे आणि पहिली रात्र शेजारच्या कॉन्वी गावी, तेराव्या शतकातील किल्ल्याच्या तटाशेजारी काढावी. जंक्शनहून कॉन्वी खोऱ्यातून चढणारी साधी गाडी तीन किलोमीटरहून लांब बोगद्यातून ब्लायनाउला नेते. दिवसातील तिच्या फेऱ्या थोड्या असतात आणि पुराने हा मार्ग अधूनमधून बंद पडतो, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. ब्लायनाउला एकाच स्थानकात मोठी आणि छोटी रेल्वे शेजारी-शेजारी उभ्या राहतात. स्थानकामागे दगडाच्या चुऱ्याचे ढीग डोंगराएवढे आहेत, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने या साऱ्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो केवळ रेल्वेला नव्हे तर या ढिगांनाही, हे ध्यानात ठेवून तेथे दोन-तीन तास तरी थांबावे. छोट्या गाडीने सामानासह पोर्थमॅडॉगला उतरावे आणि तेथेच तीन रात्रींचा मुक्काम करावा. चढतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी हातात काही नसताना निवांत करता येतो.

पोर्थमॅडॉगहूनच वेल्श हायलँड रेल्वे सुटते. १९९७ ते २०११ दरम्यान पुन्हा बांधलेल्या या ४० किलोमीटरच्या मार्गावर दक्षिण आफ्रिकेतून परत आणलेली भलीमोठी गॅरट इंजिने चालतात, आणि कार्नारवनला जाऊन परत येण्यात अख्खा दिवस जातो. त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. स्नोडन शिखरावर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८९६ पासून आहे, परंतु तिची तिकिटे लवकर संपतात आणि शिखर ढगात असते तेव्हा हाती फार थोडे लागते, तेव्हा सुट्टी आठवड्याचीच असेल तर ती वगळलेली बरी.

पुढे किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणारी मोठी रेल्वे मॉदाख नदीच्या मुखावरील बार्मथचा लाकडी पूल ओलांडून टविनला येते. टॅलिलिनच्या डब्यांना दारे एकाच बाजूला आहेत. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षकांना असे आढळले की पुलांच्या कमानी आणि डबे यांच्यामध्ये पुरेशी जागाच नाही. त्यावर तोड म्हणून एका बाजूची दारे कायमची बंद केली गेली आणि पुलांखालचे रूळ थोडे सरकवून दुसऱ्या बाजूला माणूस बाहेर पडू शकेल इतकी वाट राखली गेली. म्हणून आजही सर्व फलाट एकाच अंगाला आहेत. डोल्गॉखला इंजिन पाणी घेते. तेथे उतरून धबधब्यापर्यंत चालत जावे आणि पुढच्या गाडीने नँट ग्वेर्नॉलपर्यंत चढावे. टविनच्या स्थानकातील नॅरोगेज संग्रहालयासाठी दुपार राखून ठेवावी.

परतीच्या वाटेवर, श्रूझबरीच्या आधी, वेल्शपूल लागते, आणि मराठी प्रवाशाने तेथे अर्धा दिवस उतरावेच. मोठ्या स्थानकापासून गाव ओलांडून पश्चिम टोकाला गेले की वेल्शपूल-लॅनफेअर रेल्वे मिळते. ती १९०३ मध्ये सुरू झाली, १९५६ मध्ये बंद पडली आणि १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा उघडली. तिचे गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हेच माप एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेसाठी निवडले होते, आणि त्यांनीच त्याच मापाचा लीक-मॅनिफोल्ड मार्ग १९०४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये उभारला. मॅनिफोल्डचा मार्ग १९३४ मध्ये बंद झाला आणि तेथे आता पायवाट आहे. बार्शीच्या मार्गाचे ब्रॉडगेज झाले. कुर्डुवाडी ते लातूर प्रवास केलेल्या जुन्या पिढीच्या माणसाला त्या रुळांची ती रुंदी वेल्शपूलच्या फलाटावर उभे राहून, वाफेच्या इंजिनाखाली, अजून पाहता येते.