शक्ति आणि सचोटी

हौशी बिनतारी संदेशकांच्या 'सीक्यू वर्ल्डवाइड' स्पर्धेंत सारेच एका पंक्तीस बसत नाहींत. ५ वॅटपर्यंतचा एक वर्ग, १०० वॅटपर्यंतचा दुसरा, आणि शक्तिवर्धक यंत्र जोडून १५०० वॅटपर्यंत जाणारांचा तिसरा. मात्र स्पर्धक ज्या देशांतून संदेश पाठवितो त्या देशाच्या नियमांची मर्यादा याहून कमी असल्यास तीच पाळावी लागते. शंभराचे पंधराशें वॅट केले, म्हणून संदेश पंधरापट मोठा ऐकूं येतो काय? नाहीं. ऐकणाराच्या मापकाचा कांटा जेमतेम दोन घरें पुढें सरकतो. पण गर्दीच्या कोलाहलांत हाक पोंचणें वा बुडणें पुष्कळदां तेवढ्यावरच ठरतें. दूर बसलेल्या पंचाला मात्र कोणीं किती वॅट वापरले हें नेमकें मोजतां येत नाहीं. म्हणून या नियमाचा खरा पहारेकरी एकच : आपल्या खोलींत, स्वतःच्या मापकासमोर एकटा बसलेला स्पर्धक.