तोडा, पण तुकडे पाडू नका

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात इंजिनाशिवायच्या खेळांना ‘सायलेंट स्पोर्ट्स’ म्हणतात. चालणं, स्कीइंग, सायकल, वल्ह्याची होडी. यांना स्टेडियम लागत नाही, सलग जंगल लागतं. केबल आणि हेवर्ड या गावांदरम्यानच्या पन्नास किलोमीटरच्या ‘बर्कीबायनर’ स्की-शर्यतीत 1973 साली पस्तीस जण धावले होते. आज हजारो येतात. वाट बरीचशी काउंटीच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या जंगलातून जाते.

हे जंगल काउंटीकडे आलं ते दुर्दशेतून. एकोणिसाव्या शतकात ठेकेदारांनी पाइन साफ केला. उरलेल्या खुंटांच्या जमिनीवर शेती पिकेना, शेतसारा थकला, जमिनी जप्त झाल्या. 1927 च्या कायद्यानं तिथं पुन्हा जंगल वाढवण्याला बळ दिलं. आज राज्यात अशी सुमारे 24 लाख एकर जंगलं आहेत आणि त्यांत लाकूडतोडही चालते.

खरा धोका खासगी जंगलांना. कागद कंपन्यांनी आपली हजारो एकरांची रानं गुंतवणूकदारांना विकली. उद्या त्यांचे तळ्याकाठचे बंगल्यांचे प्लॉट पडले, तर एकाच मालकाच्या कुंपणानं पुढची सगळी वाट बंद. उपाय आहे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’: मालक जमीन विकत नाही, फक्त प्लॉट पाडण्याचा हक्क विकतो. जंगल त्याचंच राहतं, लाकूड त्यालाच मिळतं; पण करार पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर कायमचा ‘बिगरशेती नाही’ असा शेरा बसावा, तसं. ब्रूल-सेंट क्रॉय जंगलातल्या सुमारे 67 हजार एकरांसाठी 2012 साली असाच करार सुरू झाला.

अशा करारांसाठी बराच पैसा राज्याच्या 1989 च्या नोल्स-नेल्सन निधीतून आला. त्याची अट अशी, की चालणं आणि स्कीइंगबरोबर शिकार, मासेमारी आणि सापळे लावणंही खुलं हवं. म्हणजे नोव्हेंबरात या ‘शांत’ वाटांवर हरणांमागे बंदुकीचे बार वाजतात आणि फिरणाऱ्यांनाही भडक नारिंगी जाकीट घालण्याचा सल्ला दिला जातो. मला हा व्यवहारीपणा आवडतो. शिकाऱ्यांना वगळून तिथं एक एकरही वाचला नसता.

ऱ्हाइनलँडरजवळचं पेलिकन रिव्हर जंगल मात्र काही काळ अडलं. एका संवर्धन संस्थेनं 2021 मध्ये तिथले 70 हजार एकर घेतले, 2023 मध्ये विधिमंडळाच्या अर्थ समितीनं राज्याचा निधी नाकारला. 2024 च्या जानेवारीत केंद्राच्या पैशातून 56 हजार एकरांचा करार झाला. आसपासच्या काही गावांचा त्याला विरोध होता: घरंच बांधायची नाहीत, तर कर भरणारे कुठून आणायचे? या प्रश्नाचं उत्तर करारात नाही.