शाळेची परसबाग आणि गावचे बियाणे

गावातील जुन्या घराला परस असे. न्हाणीचे पाणी जेथे वाहून जाई तेथे अळू आणि केळ, कुंपणावर घेवडा किंवा दोडका, एका कोपऱ्यात शेवगा आणि विहिरीच्या वाटेवर कढीपत्ता, ही त्याची सर्वसाधारण रचना. या भाजीची मोजदाद कोणत्याही बाजारात होत नसे. तथापि घरातील मुलांच्या व बाळंतिणीच्या आहारात तिचे स्थान निश्चित होते. पुढे घरे पक्की झाली, मागील अंगणावर फरशी आली आणि भाजी आठवडे बाजारातून येऊ लागली. आज ऊस किंवा कांदा पिकविणाऱ्या कित्येक गावांत कोथिंबिरीची जुडीदेखील शहराच्या बाजारातून टेम्पोने येते. भाव चढले की गरीब कुटुंबाच्या ताटातून प्रथम कमी होते ती भाजीच. माणसाने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हे प्रमाण विकतच्या भाजीवर गाठणे अवघडच.

गावात परस पुन्हा उभा करावयाचा असेल, तर त्याचा प्रारंभ शाळेपासून करणे सोयीचे ठरते. शाळेजवळ थोडीबहुत जागा असते, हात व भांडी धुतलेले पाणी असते आणि मुख्य म्हणजे दररोज पेटणारी चूल असते.

पन्नास ग्रॅमचा हिशेब

शाळेतील मुलांना आहार देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २०२१ पासून ती 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखली जाते. या योजनेत प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरविण्यात आले. शाळांच्या आवारात पोषण बागा उभाराव्यात यासाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचनाही दिल्या.

या पन्नास ग्रॅमचा हिशेब मुलांकडूनच करवून घेण्याजोगा आहे. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला दिवसाला तीन किलो भाजी लागते. वर्षाचे २०० दिवस धरले तर ६०० किलो. हेक्टरी दहा टन उत्पादन गृहीत धरल्यास एका गुंठ्यातून एका हंगामात सुमारे १०० किलो भाजी मिळेल. म्हणजे दोन हंगाम घेऊनही संपूर्ण गरज भागविण्यास तीन गुंठे लागतील, आणि तेही सारे काही यथास्थित पार पडले तर! बहुतेक शाळांकडे एवढी जागा नाही. परसबागेने शाळा स्वयंपूर्ण होईल, असे सांगणे म्हणूनच योग्य नव्हे. बाजारातून आणलेल्या बटाट्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीन दिवस ताजी पालेभाजी, आमटीत शेवग्याचा पाला आणि रोजची कोथिंबीर व कढीपत्ता एवढे मिळाले, तरी त्या ताटाचे पोषणमूल्य बदलते. शेवग्याच्या पाल्यात जीवनसत्त्व 'अ' व चुना यांचे प्रमाण मोठे असते, आणि एकदा रुजलेले झाड मागत फारसे काही नाही.

हात धुण्याचे पाणी चर काढून थेट वाफ्यांकडे नेता येते. भांडी घासलेले साबणाचे पाणी मात्र दगडगोटे व वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि त्याच्या तोंडाशी केळ किंवा कर्दळ लावावी. खरकटे, भाज्यांची देठे व वाळलेला पालापाचोळा यांचे खत दुसऱ्या खड्ड्यात होते. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवणारा टाकळा, कुर्डू, घोळ यांचीही ओळख मुलांना येथेच करून द्यावी. अशा रानभाज्यांचे महोत्सव कृषी विभाग अलीकडे ठिकठिकाणी भरवितो. कोणती रानभाजी कोवळी असताना खावी, कोणती दोनदा उकळून पाणी टाकावे, हे गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांना पुस्तकापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे.

मे महिन्याचा प्रश्न

जूनमध्ये उत्साहाने लावलेली बाग पुढील जूनमध्ये दिसत नाही, ही या कार्यातील नेहमीची तक्रार. कारण उघड आहे. मे महिन्यात शाळा बंद, विहिरीचा तळ दिसू लागलेला, गुरे मोकळी आणि कुंपण मोडके. अशा वेळी एखाद्या शिक्षकाच्या किंवा शिपायाच्या भरवशावर बाग राखू पाहणे म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे.

याहून शहाणपणाचा मार्ग बागेचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळविण्याचा. जूनमध्ये वेलभाज्या, चवळी व अंबाडी. दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, टोमॅटो व वाटाणा. फेब्रुवारीनंतर नवी लागवड करू नये. प्रत्येक वाफ्यातील दोनचार जोमदार झाडे न तोडता बियांसाठी राखावीत आणि मार्च-एप्रिलमध्ये बी गोळा करून वाफे पाचटाने झाकून टाकावेत. मे महिन्यात बागेने झोप घ्यावी! राहतील ती शेवगा, कढीपत्ता यांसारखी झाडे. त्यांना आठवड्यातून एकदोनदा पाणी देण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीने किंवा बचत गटाने वाटून घेतल्यास कोणा एकावर भार पडत नाही.

हाताने शिकणे

हे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामच्या 'आनंद निकेतन' शाळेत, जी २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, शेती आणि स्वयंपाक हे आजही शिक्षणाचेच भाग आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमानेही शेती, पशुपालन, आहार व आरोग्य यांना माध्यमिक शाळेतील विषयाचे स्थान मिळवून दिले. वाफ्याचे क्षेत्रफळ काढणे, पावसाची नोंद ठेवणे, भाजी तोलून वहीत लिहिणे, या गोष्टी गणित आणि विज्ञान यांच्या तासिकेतच बसतात. त्यांना 'कार्यानुभव' म्हणून शनिवारच्या शेवटच्या तासाला ढकलले, की बाग शोभेची होते.

शहरातील शाळेपुढे जागेची अडचण असते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे गच्चीवरही पालापाचोळ्यापासून माती घडविता येते, हे लोकांना करून पाहावयास लावले. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास फुललेली बाग याच विचाराची. स्वयंपाकघरातील टाकाऊ पदार्थांवरच ती वाढली.

बियाणे कोणाचे?

परंतु दरवर्षी बियांची पाकिटे बाजारातूनच आणावयाची असतील, तर बाग पुढील वर्षी कोणाच्या तरी अनुदानाची वाट पाहत राहणार. संकरित वाणाचे राखलेले बी पुढील पिढीत तसेच उतरत नाही. देशी व सरळ वाणाचे उतरते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांच्या कार्याचे मोल येथे कळते. शाळेची पायरी न चढलेल्या या आदिवासी शेतकरी महिलेने भात, वाल, घेवडा व पालेभाज्या यांचे गावठी वाण घराघरांतून जमविले, परसात वाढविले आणि 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने आपल्या मातीच्या घरात बियाणे बँक उभी केली. 'बीजमाता' म्हणून त्या सर्वत्र परिचित झाल्या आणि २०२० च्या पद्मश्री पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली. असे वाण एकदा नाहीसे झाले की ते कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. एखादी म्हातारी वारली आणि तिचे मडके सुनेने रिकामे केले, एवढ्यानेही एक जात संपू शकते.

बी राखण्याची विद्या अवघड नाही, तिला शिस्त मात्र लागते. घेवडा, चवळी, वाटाणा, टोमॅटो यांच्या फुलांत परागीकरण बहुतांशी आपले आपणच होते. म्हणून त्यांचे बी शुद्ध राहते आणि शाळेने प्रारंभ यांच्यापासून करावा. भोपळा, काकडी, दोडका यांचे तसे नाही. त्यांच्या नर व मादी फुलांमध्ये मधमाश्यांची ये-जा असल्याने जवळपास एकाच पिकाचे दोन वाण असले तर बी मिसळते. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते. आदल्या सायंकाळी मादी कळीचे तोंड दोऱ्याने सैल बांधून ठेवावे, सकाळी ते सोडून त्याच वाणाच्या नर फुलाचे पराग लावावे व पुन्हा बांधावे. फळाच्या देठाला खुणेची चिंधी अडकवावी. दुधी आणि दोडका यांची फुले सायंकाळी उमलत असल्याने ते काम गावातील मुलांनी घरच्या वेलावर करावे. फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावे. वाळवलेले बी राखेत मिसळून झाकणाच्या मडक्यात ठेवावे आणि मडक्यावर वाणाचे नाव, ते ज्या घरातून आले त्या घराचे नाव व वर्ष लिहावे.

शाळेत जमलेले बी जूनमध्ये मुलांच्या घरी द्यावयाचे, ते उसने म्हणून. एक मूठ घेवडा नेणाऱ्याने हंगामाअखेरीस दोन मुठी परत आणाव्यात, हा बियाणे बँकांचा रिवाज शाळेतही चालण्यासारखा आहे. त्याची नोंदवही इयत्ता सातवीच्या मुलांकडे सोपवावी. कोणाचा वेल गुरांनी खाल्ला, कोणाच्या घेवड्यावर मावा पडला आणि कोणाकडून बी येणे बाकी आहे, याची वार्ता मग त्या वहीतून साऱ्या गावाला लागते.