ढाल कुणाला द्यावी?

मंडळी, असं समजा की शिरवळच्या मैदानावर शाळांचे कबड्डीचे सामने संपले आहेत. ढाल एक, गडी दोन. एकानं सर्वांत जास्त गुण मिळवले. दुसऱ्याला चढाईत ओझरता हात लागला. पंचांना दिसला नाही, तरी तो आपण होऊन बाहेर गेला. गुरुजी, ढाल कुणाला द्याल?

फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईला वानखेडे मैदानावर इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत बाद झाले होते. पुढं पंचांनी टेलरला झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नाही, असं आपले कर्णधार विश्वनाथ यांना वाटलं. त्यांनी टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली. आपण १० गड्यांनी हरलो. शतक आणि १३ बळी घेणारा बोथम सामनावीर ठरला. ते रास्तच होतं. पण विश्वनाथांचं नाव लोक अजून आदरानं घेतात.

अमेरिकेतल्या कॉलेजांत 'अल्टिमेट' हा तबकडीचा खेळ आहे. त्यात आगळीक झाली की नाही, हे आधी खेळाडूच आपसांत ठरवतात. तिथल्या उत्तम खेळाडूच्या कॅलहन पुरस्काराला मतंही खेळाडूच देतात. कसबाबरोबर खिलाडूवृत्ती पाहतात.

आपणही तसंच करावं. ढाल कसबालाच द्यावी. पण त्याआधी समोरच्या संघातल्या मुलांना विचारावं. हात लागला की नाही, हे पंचांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक. लबाडी करणाऱ्याचं नाव खोडावं आणि खरं बोलणाऱ्याची पाठ चारचौघांत थोपटावी. मात्र हा नियम सामन्याआधीच सांगा, म्हणजे मुलं तसं खेळतील.