शौचकूप बांधले, हात कोठे धुवावयाचे?

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील, वारणेच्या खोऱ्यातील गाव. नावाने गाव, व्यवहाराने मात्र ते एक लहानसे शहरच होय. शेजारी वारणानगर, तेथे १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, त्यामागून आलेला दूध संघ, शाळा आणि महाविद्यालये. जोतिबाचा डोंगरही याच तालुक्यात. चैत्री पौर्णिमेला तेथे लाखो भाविक सासनकाठ्या घेऊन लोटतात. अशा गावात दिवसभरात जी माणसे येऊन जातात, त्यांतील फार मोठा भाग त्या गावचा रहिवासी नसतो. त्याचे घर दूर असते, घरचा संडास दूर असतो, आणि निसर्गाची हाक मात्र कोणत्याही गावी येते. अशा वेळी त्याला सार्वजनिक शौचालयावाचून गत्यंतर नसते. तेथे तो जातो, बाहेर येतो, आणि इकडे तिकडे पाहतो. हात धुण्याची सोय त्याला दिसत नाही.

हे वर्णन एकट्या कोडोलीचे आहे असे कोणी समजू नये. कोल्हापूर असो, सांगली असो, पुणे असो, बसस्थानक असो वा बाजारपेठ असो, चित्र बहुतेक ठिकाणी हेच आहे. कोडोलीचे नाव आम्ही घेतो ते दोष देण्यासाठी नव्हे. खेडे आणि शहर यांच्या सीमेवर उभी असलेली अशी गावे महाराष्ट्रात शेकडो आहेत. आणि खेड्यातील जुनी सोय जेथे संपली, पण शहरातील नवी सोय जेथे अजून पुरती पोहोचली नाही, ती जागा हीच. दैनिकाच्या पहिल्या पानावर संडासाचा विषय आला म्हणून काही वाचक नाक मुरडतील हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगू की कोल्हापूरच्या घराघरांत सकाळी जे दूध आणि भाजी येते, ती अशाच गावांतून येते, आणि तिला लागलेले हात तेथलेच असतात.

गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने शौचालयांच्या बाबतीत जे केले ते कमी लेखण्याजोगे नाही. इसवी सन २००० मध्ये राज्य शासनाने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. खराटा हाती घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या त्या महापुरुषाच्या नावाने गावे एकमेकांशी स्पर्धा करू लागली, ही गोष्ट आमच्या राजकारणात दुर्मीळच म्हणावी लागेल. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, आणि २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले. २०१८ साली राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घोषणेत अतिशयोक्ती किती, हा वाद येथे नको. लक्षावधी घरांत संडास बांधले गेले, आणि पहाटेच्या अंधारात गावाबाहेर जाण्याच्या शिक्षेतून कित्येक माताभगिनी सुटल्या, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या साऱ्या मोहिमांत मोजले काय गेले? भांडी मोजली गेली, भिंती मोजल्या गेल्या, छायाचित्रे काढली गेली. साबण कोणी मोजला नाही. नळ उघडल्यावर पाणी येते की वारा येतो, याची नोंद कोठल्या रकान्यात होत असेल असे वाटत नाही. वास्तविक मलातून होणारे रोग संडासाच्या भिंतीने थांबत नाहीत. विषमज्वर, अतिसार, पहिल्या प्रकारची कावीळ, जंतांची अंडी, यांचा प्रवास मळापासून बोटापर्यंत, बोटापासून भाकरीपर्यंत आणि भाकरीपासून तोंडापर्यंत होतो. एक ग्रॅम मळात जंतूंची संख्या अब्जांच्या हिशोबात असते, आणि नखाच्या कडेला राहणारा अंश डोळ्यांना दिसतही नाही. साखळीचा जो दुवा सर्वांत स्वस्तात तुटू शकतो तो म्हणजे बोट. हात साबणाने धुण्याची सवय लागली तर अतिसाराचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, असे निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र तपासून निघालेले अनुमान आहे. तीस टक्के गुण देणारे आणि इतके स्वस्त असणारे दुसरे औषध कोणते, हे आमच्या वैद्य मित्रांनी सांगावे.

नुसत्या पाण्याने का भागत नाही, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. त्वचेवर तेलकट थर असतो. मळ आणि जंतू त्याला चिकटून बसतात. पाणी त्या तेलावरून निसटून जाते. साबणाच्या कणाचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते, आणि चोळण्याच्या जोराने तो सारा थर सुटून वाहून जातो. म्हणून साबण आणि चोळणे या दोन्ही गोष्टी लागतात. निदान वीस सेकंद तरी चोळावे असे तज्ज्ञ सांगतात. आमच्या आज्या राखेने वा मातीने हात घासत, त्यात घासण्याचे तत्त्व होतेच. राख तर थोडी क्षारयुक्तही असे. मात्र ज्या मातीत जनावरे आणि माणसे वावरतात ती माती हाताला चोळून हात निर्मळ होत नाही, हेही तितकेच खरे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची २०१८ सालची आकडेवारी या बाबतीत उद्बोधक आहे. शौचानंतर साबणाने हात धुणारी कुटुंबे देशात सुमारे ७४ टक्के निघाली. जेवणापूर्वी तसे करणारी अवघी ३६ टक्क्यांच्या आसपास. उरलेली बहुतेक नुसत्या पाण्यावर भागवतात. आणि हे आकडे घरातले आहेत, शिवाय लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आहेत. घराबाहेर, जेथे साबण नाही आणि पाहणारे ओळखीचे कोणी नाही, तेथे काय होत असेल याचा तर्क वाचकांनीच करावा.

आमच्या मते या दुरवस्थेचे मूळ दारिद्र्यात जितके आहे तितकेच आमच्या एका जुन्या समजुतीत आहे. आम्ही शुचिर्भूतपणाला फार मान देणारे लोक आहोत. बाहेरून आल्यावर पाय धुऊन घरात येणे, स्नानावाचून स्वयंपाकघरात न जाणे, सोवळे आणि ओवळे यांचा विवेक पाळणे, यांत पिढ्यान् पिढ्या गेल्या. पण या शुद्धतेची हद्द आपल्या उंबऱ्यापाशी संपते. उंबऱ्यापलीकडचे जे आहे ते कोणाचेच नाही. निदान आपले नाही. ज्या गृहिणीच्या मोरीवर एक डाग सापडणार नाही, तिच्याच घरातील कर्ता पुरुष बसस्थानकाच्या मुतारीत शिरतो तेव्हा नाक दाबून, पाय वर करून, काम उरकून पळतो. ती जागा स्वच्छ ठेवण्याशी आपला काही संबंध असू शकतो हा विचार त्याला शिवत नाही. ती जागा साफ करणे हे दुसऱ्या कोणाचे तरी जन्मजात काम आहे, असे त्याने न बोलता गृहीत धरलेले असते.

या गृहीतावर पहिला मोठा घाव घालणाऱ्यांत अप्पासाहेब पटवर्धन होते. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, जातीने उच्चवर्णीय असलेल्या आपणांस मैलासफाईचे काम करू द्यावे म्हणून १९३२ सालच्या डिसेंबरात त्यांनी अन्नत्याग आरंभला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास धरला. असा सत्याग्रह जगात दुसरा झाला नसेल. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक असा दुसरा २०१३ साली झाला. पण सार्वजनिक शौचालयाच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या आणि चार चार तासांनी आत जाऊन पाणी ओतणाऱ्या माणसाची जात विचारली तर अजूनही उत्तर बहुधा ठरावीकच मिळते. त्याला हातमोजे नसतात. बहुतेक ठिकाणी त्याला स्वतःला हात धुवायलाही साबण नसतो. स्वच्छतेचा विचार करावयाचा तर तो या माणसापासून सुरू केला पाहिजे.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आणि अधिक बिकट आहे. घाणेरड्या जागी जावे लागू नये म्हणून प्रवासाच्या दिवशी पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थिनी आमच्या वाचकांच्याच घरांत आहेत. त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. मासिक पाळीच्या दिवसांत तर दाराबाहेरचा नळ कामाचा नाही; पाणी आतच हवे, आणि हात धुण्याची सोयही आडोशाला हवी. मुंबईत २०११ पासून स्त्रियांनी विनामूल्य मुताऱ्यांसाठी चळवळ उभारली तेव्हा काहींनी तिची थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांना पुरुषांना फुकट आणि स्त्रियांना पैसे, हा न्याय कसा वाटला कोण जाणे.

आणखी एक वर्ग आहे. गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजूर कुटुंबांसह साखर पट्ट्यात येतात आणि उसाच्या पाचटाच्या कोप्यांतून महिनोन् महिने राहतात. त्यांना घरचा संडास नाही आणि बाजारातल्या संडासाला देण्याजोगे सुटे पैसेही नेहमी नसतात. साखरेची गोडी ज्यांच्या कोयत्यातून येते त्यांच्या मुलांना जेवणापूर्वी हात धुवायला घोटभर पाणी मिळावे, एवढे तरी या सधन खोऱ्याने पाहिले पाहिजे.

रोग ही काही पुस्तकी भीती नव्हे. याच जिल्ह्यात, इचलकरंजीत, २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ पसरली आणि अनेकांचे बळी गेले. ती साथ दूषित पाण्यातून आली हे खरे. पण पिण्याच्या पाण्यात मिसळली ती माणसाचीच घाण होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांडपाणी आणि पिण्याचे पाणी यांतील भिंत कशी विरघळते हे पंचगंगेच्या काठाने पाहिले आहे. त्याच सुमारास, २०२० साली, करोनाच्या भयाने प्रत्येक कचेरीच्या आणि दुकानाच्या दारात हात धुण्याची पिंपे उभी राहिली होती. त्यांतील कित्येक पिंपांत आज कुंड्यांची माती दिसते. भय गेले की हातही कोरडेच राहू लागले.

यात नवल करण्याचे कारण नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराने क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुण्याची सक्ती केली, आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याचे म्हणणे मानले नाही. सभ्य डॉक्टरांचे हात घाणेरडे असू शकतात हेच त्यांना अपमानास्पद वाटले. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. विद्वानांची जेथे ही कथा, तेथे बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला उपदेश करून काय साधणार? उपदेशाने सवय लागत नाही, सोयीने लागते. शाळेत कित्येक वर्षे घालवल्यावर आमचे हे मत पक्के झाले आहे. आरोग्यशास्त्राचा धडा पोरे पाठ करतात आणि विसरतात. पण जेथे भोजनाच्या ओट्याशेजारी नळ आहे, नळाला पाणी आहे आणि जाळीच्या पिशवीत साबणाची वडी टांगलेली आहे, तेथे त्यांना सांगावे लागत नाही. एकाने धुतले की मागचा धुतो.

सोय म्हणजे काय, तेही स्पष्ट केले पाहिजे, कारण आमच्या स्थापत्यविभागाची कल्पना पुष्कळदा एका बेसिनवर थांबते. पहिली अडचण नळाच्या तोटीची. घाण हाताने ती उघडावी लागते आणि धुतलेल्या हाताने तीच पुन्हा बंद करावी लागते. म्हणजे धुतलेले पाण्यात गेले. कोपराने ढकलता येईल अशी लांब दांडीची किंवा दाबताच थोडे पाणी देऊन आपोआप बंद होणारी तोटी लावली तर हा दोष जातो आणि पाणीही वाचते. साबणाची वडी चोरीस जाते ही दुसरी तक्रार. ती जाईल, पण भिंतीत पक्क्या बसवलेल्या डब्यात पातळ साबण ठेवला तर जाणार नाही, आणि धुण्याच्या पावडरीचे पाणी बाटलीत भरून ठेवले तरी काम भागते. जेथे नळच नाही तेथे पायाने दोरी दाबली की कलणारा डबा अनेक ग्रामीण शाळांनी फुकटात उभारला आहे. बेसिन दोन उंचींवर हवे. लहान मुलाचा हात मोठ्यांच्या बेसिनाला पोहोचत नाही. आणि ते संडासाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवरच हवे, मागच्या अंगाला नको.

पाण्याचा हिशोब कठीण नाही. एका सार्वजनिक शौचालयात दिवसाला पाचशे माणसे येतात असे धरले आणि हात धुण्यास प्रत्येकी एक लिटर पाणी धरले, तर पाचशे लिटर होते. एवढी टाकी साध्या घराच्या गच्चीवरही असते. प्रश्न टाकीचा नाही. ती भरतो कोण, तोटी गळली तर दुरुस्त करतो कोण आणि साबण संपला तर आणतो कोण, हा आहे. उद्घाटनाला येणारे पुढारी हे प्रश्न विचारीत नाहीत. कोनशिलेवर साबणाचे नाव कोरता येत नाही ना!

पैसा नाही ही सबब आता पुरी पडणारी नाही. गावची स्वच्छता राखणे हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेच पंचायतीकडे सोपवले आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गावच्या सामुदायिक शौचालय संकुलासाठी तीन लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले, आणि अशा संकुलात हात धुण्याचे बेसिन असावे हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिली. त्यातील निम्मा हिस्सा स्वच्छतेचा होता. ही रक्कम किती आली, किती बांधकामात गेली आणि किती देखभालीत, हे जाणून घेण्याचा प्रत्येक ग्रामस्थाला हक्क आहे. आमचा अदमास असा की देखभालीचा आकडा फार लहान निघेल.

कोडोलीसारख्या गावांत शिकलेल्या माणसांची वाण नाही. शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, कारखान्याचे आणि दूध संघाचे हिशोबनीस आहेत. ज्या खोऱ्याने शेकडो गावचे दूध रोज गोळा करून, तपासून, न नासता शहरांत पोहोचवण्याची व्यवस्था बसवली, त्याला बाजारपेठेतील एका शौचालयात रोज साबण ठेवण्याची व्यवस्था बसवता येणार नाही असे आम्ही मानीत नाही. दुधाच्या बाबतीत ती बसली, कारण तेथे तपासणी आहे, नोंद आहे आणि कसूर झाल्यास दाम कापला जातो. शौचालयाच्या दारावर सकाळी आणि सायंकाळी कोणी पाहिले, पाणी होते काय, साबण होता काय, याचा तक्ता टांगावा. देखभाल करणाऱ्यास वेळेवर पगार, हातमोजे आणि बूट द्यावेत. आणि तो तक्ता महिन्याच्या अखेरीस मासिक सभेपुढे ठेवावा. कोल्हापूरकरांनीही हे वाचून निश्चिंत होऊ नये. आपल्या प्रभागातील शौचालयावर असा तक्ता आहे काय, हे त्यांनी उद्याच जाऊन पाहावे.

ग्रामसभा वर्षातून ठरल्या दिवशी भरतात. येत्या सभेत एखाद्या बाईने उभे राहून विचारावे की बाजारातील शौचालयाला या वर्षी साबण कितीचा आला. आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तिचा प्रश्न व त्याला मिळालेले उत्तर, दोन्ही इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून घ्यावे.