थंडी एकच, रस्ते वेगळे

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीरामपूरचं कविसंमेलन आटोपून आम्ही चौघं पहाटे नगरला परतत होतो. डिसेंबर महिना. गाडी आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा चालवत होते. त्यांची हयात ट्रकवर गेलेली. राहुरीच्या अलीकडे एकाएकी धुकं लागलं आणि चाचांनी करकचून ब्रेक दाबला. समोर चार हातांवर उसाची वाढी लोंबत होती. भरलेला ट्रेलर, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. थोड्या वेळानं मी म्हणालो, "चाचा, थंडी तर पाथर्डीलाही एवढीच असते. तिकडे कधी असं होत नाही." चाचा म्हणाले, "थंडी आहे बेटा, पण तिकडे पाणी कुठंय?"

चाचांचं उत्तर शास्त्राला धरून होतं. हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता सोडून देते. वर ढगांचं पांघरूण नसल्यानं ती थेट निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होते. गार हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून जास्तीचं बाष्प बारीक थेंब होऊन तरंगत राहतं. हजार मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं. म्हणजे नुसती थंडी पुरत नाही, जमिनीत ओल लागते.

आता आपला जिल्हा पाहा. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे मुळा धरण आलं. १९५० साली लोणीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उत्तरेकडचे तालुके उसानं हिरवे झाले. भर हिवाळ्यातही तिथली जमीन भिजलेली असते. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे माती कोरडी. तिथं अंगात हुडहुडी भरते, पण रस्ता बहुधा लांबवर स्वच्छ दिसतो.

दुसरी गोष्ट उताराची. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. पुण्याहून नाशिककडे जाताना चंदनापुरी घाट उतरला की संगमनेरजवळ प्रवरेचं खोरं लागतं. वर मोकळं आणि खाली धुकं, असा अनुभव अशा ठिकाणी येतो. पूल, ओढे, कालव्याकाठचे रस्ते यांचंही तसंच.

इतरत्र हिवाळा निराळी रूपं घेतो. कोकणात समुद्र जवळ असल्यानं रात्री फारशा गार होत नाहीत. पंजाब, उत्तर प्रदेशात सपाट, ओलसर मैदान आणि हवेत धूर, त्यामुळे धुकं कधीकधी दुपारपर्यंत हटत नाही. आपल्याकडे ऊन वर आलं की ते बहुधा विरतं. लडाखमध्ये रस्त्यावर बर्फ गोठतं, चाकांची पकड सुटते, डिझेलसुद्धा घट्ट होतं. तिथला चालक बर्फाच्या तयारीनं निघतो. आपला चालक मात्र स्वेटर घातला की तयारी झाली असं समजतो.

आपल्याकडची खरी अडचण अशी, की धुक्याचे महिने तेच गळिताचे महिने. ज्या पाण्यानं ऊस वाढला, त्याच पाण्यानं धुकं आलं, आणि त्या धुक्यातूनच ऊस कारखान्याला जातो. टायरगाडी माणसाच्या चालीनं चालते. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर असतात, मागचा दिवा वाढ्यांखाली झाकलेला. मागून येणारी मोटार ताशी ८० किलोमीटरनं धावत असेल तर ती सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, मग गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर. धुक्यात दिसतं पन्नास मीटर. गणित तिथंच चुकतं.

त्या टायरगाडीवर बसलेलं कोण असतं? बहुतेकदा पाथर्डी, शेवगाव, जामखेडचं किंवा बीडकडचं ऊसतोड कुटुंब. गावी पाणी नाही म्हणून ते कोयता घेऊन पाण्याच्या मुलखात आलेलं असतं. ज्यांच्या गावचा रस्ता स्वच्छ, त्यांनाच धुक्यातल्या रस्त्यावर पोट भरावं लागतं. बैल हाकणाऱ्याच्या मागे उसावर कधी त्याची बायको असते, कधी पेंगुळलेलं पोर.

म्हणून धुक्यात दिवे डिपरवर ठेवावेत. मोठा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काच थोडी खाली करावी, म्हणजे बैलांच्या घुंगरांचा, ट्रॅक्टरचा आवाज कानावर येतो. वेग इतकाच असावा, की जेवढं दिसतं तेवढ्यात गाडी थांबेल. गाडी थांबवायचीच तर डांबर सोडून खाली घ्यावी. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा घेतात. ती लाल पट्टी वाढ्यांखाली झाकली जात नाही ना, हे गाडी भरताना पाहणाऱ्याचं काम पुण्याचं आहे.

त्या पहाटे चाचांनी ट्रॅक्टरला मागे टाकलं नाही. आपल्या गाडीचे मागचे दिवे लावून, हळूहळू, उजाडेपर्यंत ते ट्रेलरच्या मागेच चालत राहिले. आम्ही कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "त्याला दिवा नाही. तोवर आपण त्याचा दिवा."