मद्यपी वाहनचालकावरील आरोप : पहिल्या दोन तासांना महत्त्व

नवी दिल्ली : रात्रीच्या नाकाबंदीत वाहन थांबते, चालकासमोर यंत्र धरले जाते, तो फुंकर मारतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. इथून पुढे काय घडू शकते, याविषयी बहुतेक वाहनचालकांची माहिती ऐकीव असते. ‘दोन पेगपर्यंत चालते’, ‘फुंकायला नकार दिला की पुरावाच उरत नाही’, ‘जागेवर दंड भरला की प्रकरण मिटते’ हे तीन समज सर्वाधिक आढळतात आणि तिन्ही चुकीचे आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये पेगचा उल्लेख नाही. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास गुन्हा घडतो. हे प्रमाण किती मद्याने ओलांडले जाईल, हे शरीराचे वजन, पोटातील अन्न आणि मधला वेळ यांवर अवलंबून असल्याने घरगुती हिशेबाला काही अर्थ नाही. वाहन चालविण्याचा प्रयत्न करणेही याच कलमात येते. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, तर त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गुजरात व बिहारसारख्या दारूबंदी असलेल्या राज्यांत मद्यप्राशनाचा स्वतंत्र गुन्हा यात जोडला जातो.

श्वासचाचणीची मागणी गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी करू शकतो आणि त्यासाठी त्याच्याकडे संशयाला वाजवी कारण असावे लागते. चाचणीत मद्याचा अंश दिसल्यास, किंवा चालकाने चाचणी नाकारली आणि अधिकाऱ्याला तसा संशय असल्यास, वॉरंटशिवाय अटक करता येते. नकार हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कलम १८५ मध्ये नाही. परंतु कलम २०५ नुसार वाजवी कारण न दिलेला नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब म्हणून न्यायालय गृहीत धरू शकते. त्यामुळे नकार देणारा चालक पुरावा टाळत नाही, उलट स्वतःविरुद्ध एक मुद्दा निर्माण करतो.

अटकेनंतर मात्र कायद्याचा रोख बदलतो आणि तो आरोपीच्या बाजूनेही बोलू लागतो. पोलीस ठाण्यात श्वासाचा नमुना देण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे. तोंडात नुकतेच घेतलेले मद्य किंवा मद्यार्कयुक्त माउथवॉश यांमुळे पहिला आकडा फुगू शकतो, हे लक्षात घेता ही तरतूद केवळ औपचारिक ठरत नाही. रक्तनमुना नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचा असतो. आरोपी महिला आणि डॉक्टर पुरुष असल्यास दुसऱ्या महिलेची उपस्थिती बंधनकारक आहे. कलम २०२ मधील अट सर्वांत नेमकी आहे. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. ही सुटका केवळ कोठडीतून असते, खटला त्यामुळे संपत नाही. तरीही अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ कागदावर बरोबर नोंदली गेली आहे का, हे पाहणे आरोपीच्या हिताचे आहे.

अटकेचे कारण जाणून घेणे, नातेवाइकाला कळविणे आणि वकिलाचा सल्ला घेणे हे हक्क इतर कोणत्याही गुन्ह्याप्रमाणे येथेही लागू आहेत. गुन्हा जामीनपात्र असल्याने जामीन हा आरोपीचा अधिकार आहे, पोलिसांची मेहेरबानी नव्हे. दुसरीकडे, जागेवर तडजोड शुल्क भरून मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत कलम १८५ नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. रस्त्यावर रोख रक्कम मागितली जात असेल, तर ती दंडाची रक्कम असूच शकत नाही.

चाचणीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच अधोरेखित केले होते. महाराष्ट्रातील एका अपघाताच्या खटल्यात तोंडाला वास येणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे आणि बाहुल्या विस्फारलेल्या असणे एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. विमा दाव्यात मात्र हा निकष तितका कठोर राहत नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये झालेल्या अपघातातील मोटारीच्या नुकसानभरपाईचा दावा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. चालकाची श्वास वा रक्त चाचणी झालेली नसतानाही, अन्य परिस्थितीवरून तो मद्याच्या अमलाखाली असल्याचे विमा कंपनी दाखवू शकते, असा तो निर्णय होता. फौजदारी खटल्यातून सुटलेल्या चालकाला मोटारीची भरपाई मिळेलच, असे म्हणूनच नाही.

जीवितहानी झाल्यास दहा हजारांच्या दंडाची चर्चाच मागे पडते. मुंबईतील कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्यांना मोटारीने चिरडले आणि सात जणांचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. आज भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत, तर सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकारासाठी दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कोणते कलम लागते, यावर दोन्ही बाजूंचे बरेच काही अवलंबून असते.

वाहनाबाबत गोंधळ अधिक आहे. केवळ चालक मद्यधुंद होता म्हणून वाहन जप्त करता येत नाही, सोबतच्या शुद्धीतील परवानाधारकाला किंवा नातेवाइकाला ते सोपवावे, असे तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. हा निर्णय अन्य राज्यांतील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तेथे त्याचा आधार घेता येतो.

परवान्याची कारवाई वेगळ्या मार्गाने चालते. पोलीस परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवितात आणि धारकाचे म्हणणे ऐकल्यावर पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता, पुन्हा घडल्यास परवाना रद्द, असा आदेश होऊ शकतो. न्यायालयात दोषी ठरल्यास अपात्रता किमान सहा महिन्यांची असते. ‘गुन्हा कबूल करून दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला न्यायालयाच्या आवारात सहज मिळतो. परंतु कबुली म्हणजे दोषसिद्धीच. वाहन चालवून पोट भरणाऱ्या चालकाला त्या एका सहीने किमान सहा महिन्यांची कमाई गमवावी लागू शकते आणि पुढचा गुन्हा दुसरा म्हणून मोजला जातो.